उंबऱ्याच्या आतलं पाणी : आमच्या हौदाच्या प्रकल्प नोंदी

घर जुळे सोलापुरात. माणसं पाच : आम्ही दोघं, सासूबाई, आठवीत जाणारी थोरली आणि पाचवीतला धाकटा. अंगणात जमिनीखाली विटांचा, गिलावा केलेला हौद, आतून २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, १.२ मीटर खोल. काठोकाठ भरला की ३,६०० लिटर. गच्चीवर हजार लिटरची टाकी. नळाला पाणी पाच दिवसांनी, तेही बहुतेकदा रात्री.

यंदा, म्हणजे २०२४ ला, उन्हाळा लागायच्या आधीच सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखाली गेलं. ११७ टीएमसीच्या धरणात निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठाच धरलेलं आहे, म्हणून उणे टक्क्यांतही आपल्याला पाणी मिळतं. पण रोज पेपरात उणे आकडा वाढताना बघून घरात एकच विषय चालतो : पाणी कधी येणार, किती येणार, कोण नालायक. त्यात पोरांच्या कानावर जे पडतं ते मला पटेनासं झालं. धरण आणि पाइपलाइन आपल्या हातात नाही, त्यावर बोलायचंच. पण नळातून आत आलेलं पाणी आपलं. त्याचा हिशोब आपण द्यायचा. तेवढ्यासाठी हे काम काढलं, आणि दुरुस्तीबरोबरच घरातल्या पाण्याचा कारभार पोरांच्या हाती द्यायचा असंही ठरवलं. असं काम काढणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवल्यात.

१४ एप्रिल, रविवार

आंबेडकर जयंती, सगळे घरी. काल रात्री पाणी येऊन गेलं, हौद भरलेला. मोजमापाला असाच दिवस लागतो. गच्चीची टाकी भरून घेतली, नळाची चावी बंद केली, मोटरच्या बटणावर चिकटपट्टी लावली म्हणजे कुणी सवयीनं दाबणार नाही.

मोजायची पद्धत सोपी. हौदाच्या तोंडावर लोखंडी पट्टी आडवी ठेवायची, तिच्यापासून पाण्यापर्यंत टेपनं अंतर घ्यायचं. पट्टी दर वेळी त्याच जागी बसावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना काठावर रंगाची खूण केली. धाकट्यानं टेप सोडली, थोरलीनं आकडा लिहिला. तळ ३ चौरस मीटर, म्हणजे पाणी १ सेंटिमीटर उतरलं की ३० लिटर गेलं, हे तिनंच काढलं.

१५ एप्रिल

सकाळी ४ सेंटिमीटर कमी. झाकण बंद असलेल्या हौदातून बाष्पीभवन नावालाही होत नाही, तेव्हा हे १२० लिटर जमिनीत गेलं. वीस लिटरच्या सहा बादल्या, एका रात्रीत. धाकट्यानं अंगणात सहा बादल्या ओळीनं मांडल्या आणि बघत बसला. मी काही बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "आणि आपण पोरांना दात घासताना नळ बंद कर म्हणून ओरडतोय."

१८ एप्रिल

गळती कुठे आहे हे शोधायला हौद फोडायची गरज नाही. पाणी वापरून उतरतच होतं, रोज रात्री मोटर बंद झाल्यावर मोजलं. निम्म्यावर आल्यावर गळती कमी झाली, आणि तळापासून ४० सेंटिमीटरवर पाणी आलं तशी थांबली. म्हणजे भेग त्या उंचीपासून वर आहे. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर रस्त्याकडच्या कोपऱ्यात उभी भेग, केसाएवढी. दोन भिंती जिथे मिळतात तिथेच. जवळ कण्हेरीचं झाड आहे, मुळानं रेटलं असावं.

त्याच दिवशी संडासातल्या फ्लशच्या टाकीत कपड्याची नीळ टाकली आणि तासभर कुणी जायचं नाही असं सांगितलं. तासानं भांड्यात निळी धार. आवाज नाही, ओघळ दिसत नाही, तरी चोवीस तास चालू. आतला रबरी वॉशर कडक झाला होता. वॉशर आणि सायफनचा भाग मिळून २२० रुपये, यांनी स्वतः बसवला. ज्यांना हौदाला हात लावायचा नाही त्यांनी निदान एवढी निळीची परीक्षा तरी करावी.

२१ एप्रिल

प्लंबर आला. नळाची लाइन दोन फूट खोलीवरून येते, मग अंगणातल्या तोटीसाठी अडीच फूट वर चढते, आणि तिथून वळून हौदात पडते. दाब कमी असला की एवढं वर चढतानाच पाणी दमतं. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, एवढी खटपट कशाला? नळालाच मोटर लावा की. अर्ध्या तासात हौद फुल्ल."

थोरली वही घेऊन तिथेच उभी. तिनं विचारलं, "मग गल्लीच्या शेवटच्या घराला?"

"त्यांनीबी लावावी की."

तिनं माझ्याकडे बघितलं. या कामातला सगळ्यात अवघड क्षण तोच होता. नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे, महापालिका मोटरी जप्तही करते, हे सांगून विषय संपवता आला असता. पण तिला कायदा नको होता, आई काय करते ते बघायचं होतं. शेवटच्या घरात एक आजी एकट्या राहतात. आपला हौद फुल्ल होतो तेव्हा त्यांच्या नळाला हवा येते, हे ओढणाऱ्याला दिसत नाही इतकंच. शिवाय दाब नसलेल्या लाइनमधून मोटरनं ओढलं की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणीही आत खेचलं जातं, आणि ते आपल्याच घरात येतं. मी प्लंबरला म्हणाले, "मोटर नको. लाइन खाली घ्या."

त्यानं ऐकलं, आणि काम चांगलं केलं. वर चढणारा पाइप काढून टाकला, जमिनीखालूनच सरळ हौदात घेतला. यात एक काळजी घ्यायची : पाइपचं तोंड हौद पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या रेषेच्या वरच हवं, नाहीतर लाइन रिकामी झाली की हौदातलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. आमच्या हौदाला स्लॅबच्या खाली तेवढी जागा होती. पुढे पितळी बॉल कॉक बसवला, म्हणजे रात्री कुणी झोपलं तरी हौद वाहून जात नाही.

२६ आणि २७ एप्रिल

हौद वापरून रिकामा झालेला. तळाचं पाणी बादलीनं उपसून झाडांना घातलं. खाली बोटभर गाळ, बारीक काळी माती.

इथे एक गोष्ट ठळक लिहिते. हौदात मूल उतरवायचं नाही, कितीही हट्ट केला तरी. बंद हौदातली हवा कोंदट असते, माणूस बेशुद्ध पडतो, आणि वाचवायला उतरलेलाही पडतो. झाकण आदल्या रात्रीपासून पूर्ण उघडं ठेवलं, शेजारून टेबलफॅन आणून वारा आत सोडला, मोटरची वायर मेनपासून सोडवली, उजेडाला फक्त बॅटरी, आणि मिस्त्री खाली असेपर्यंत वर सतत एक मोठं माणूस. धाकटा रुसला. त्याला वरून तारेच्या ब्रशला दोरी बांधून खाली देण्याचं काम दिलं.

मिस्त्रीनं नुसतं सिमेंट भेगेवर चोळायला घेतलं होतं. ते मी थांबवलं, कारण वरून चोळलेलं सिमेंट पहिल्या उन्हाळ्यात सुटतं. भेग छिन्नीनं दोन्ही बाजूंनी इंग्रजी व्ही अक्षरासारखी, इंचभर खोल उघडली, धूळ झाडली, पाणी मारून ओली केली, मग सिमेंट-वाळूत पॉलिमर घालून घट्ट भरली. भिंत आणि तळ मिळतो त्या चारही बाजूंना गोलाई दिली. दुसऱ्या दिवशी पूर्ण आतून सिमेंट-पॉलिमरच्या कोटिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालतं असं डब्यावर छापलेलंच घ्यायचं. वास मारणारं, थिनर लागणारं काहीही हौदात वापरायचं नाही.

कोटिंग ३,८०० रुपये. मिस्त्री आणि हाताखालचा माणूस मिळून दोन दिवसांचे ३,२००.

२८ एप्रिलची रात्र

इथे फसलं. कोटिंग वाळायला आणि मुरायला आठवडा लागणार, म्हणून या पाळीचं पाणी हौदात घ्यायचं नाही, पिंपात भरायचं असं ठरलं होतं. चार पिंपं धुऊन ठेवली. रात्री तीनच्या सुमाराला धाकटा उठून ओरडला, "पाणी यायलालंय!" आणि तेव्हा ध्यानात आलं की वर चढणाऱ्या पाइपबरोबर अंगणातली तोटीही गेली. पाणी घ्यायला घरात दुसरी जागाच नाही. हौदाची चावी उघडली तर ओल्या कोटिंगवर धार पडणार.

यांनी पान्हा घेऊन पाइपसाठी खणलेल्या खड्ड्यातलं युनियन, म्हणजे पाइपचा उघडता येणारा जोड, सैल केलं. पाणी खड्ड्यात उसळायला लागलं. हे खड्ड्यात गुडघ्यावर बसून तपेल्यानं पाणी धरायचे, थोरलीकडे द्यायचे, ती धाकट्याकडे, धाकटा पिंपाजवळ माझ्याकडे. सासूबाईंनी दारात बसून पंचा गाळणीसारखा धरला, मातीचे कण आत जाऊ नयेत म्हणून. कुणी कुणाला सांगत नव्हतं की आता हे कर. धाकट्याच्या बनियनवरून चिखलाचं पाणी गळत होतं आणि तो प्रत्येक तपेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पाय घासत चालत होता, सांडू नये म्हणून. दोन पिंपं भरली, तिसरं अर्धं, आणि पाणी गेलं.

दुसऱ्या दिवशी प्लंबरनं खड्ड्यात एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून तोटी दिली, चावीच्या अलीकडे. लाइन बदलणाऱ्यांनी हे आधीच करून घ्या. टी, तोटी, पाइप, बॉल कॉक आणि चावी धरून १,६५० रुपये. १ मेला शेजाऱ्यांबरोबर टँकर वाटून घेतला, आमच्या वाट्याला ४५० रुपये. प्यायला जार, त्याचे १८०.

३ मे

हौद पहिल्यांदा भरला. त्याआधी भिंती ब्रश आणि थोड्या पाण्यानं घासून पांढरट पाणी उपसून काढलं. नव्या सिमेंटमुळे पहिलं पाणी थोडं बुळबुळीत लागतं. ते पिऊ नये. फरशी, संडास, कपडे यांनाच वापरलं.

७ मे

मतदानाची सुट्टी. मिस्त्री मतदानाला गावी गेलेला. हौद भरल्यापासूनचं मोजमाप : तरीही थोडं उतरतंय, पण काठापासून जेमतेम चार बोटं खाली गेलं की थांबतंय. म्हणजे भेग बुजली आणि नवीन पाइप भिंतीतून येतो तिथे पाझर आहे. प्लंबरनं भोक पाण्याच्या रेषेच्या खालपर्यंत मोठं पाडून बाजूनं साधं सिमेंट भरलं होतं, ते वाळताना आकसलं. न आकसणारं ग्राउट आणून यांनी स्वतः भरलं. दोन दिवस पाणी त्या उंचीखाली ठेवलं. ग्राउट आणि आधीचं सिमेंट-वाळू मिळून ७५० रुपये.

१२ मे

पाळीच्या पाण्यानंतर मोजलं. रात्रीत पट्टीवर फरक नाही. थोरलीनं वहीत शून्य लिहिलं आणि त्याला चौकट केली.

ब्लीचिंग पावडरचं प्रमाण लिहून ठेवते : हजार लिटरला ५ ग्रॅम. आमच्या भरलेल्या हौदाला १८ ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी हौदात ओतायची, तासभर थांबायचं. हे काम माझ्याकडेच ठेवलंय.

बाकीची वाटणी आज जेवताना केली. धाकट्याकडे नळाची चावी आणि हौदाचं झाकण. थोरलीकडे वही आणि मोटर. यांच्याकडे फ्लश आणि तोट्या. सासूबाईंकडे पिण्याचं पाणी, ते त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. सासूबाईंचं लहानपण गिरणीच्या चाळीत गेलं. भोंगा झाला की बाप्ये कामावर आणि पोरी नळावर. "पाणी भरणं पोरींचं, आणि पाणी कुणी किती वापरायचं ते ठरवणं बाप्यांचं," असं त्या सांगतात. म्हणूनच मला धाकट्याच्या हाती चावी हवी होती.

१९ मे

पहिला आठवडा नुसता कटकटीचा गेला. मोटर लावलीस का, झाकण बघितलंस का, वही लिहिलीस का. दिवसभर माझी जीभ चालू. काम पोरं करत होती, काळजी मात्र माझ्याकडेच होती, आणि त्यांनाही ते पक्कं माहीत होतं : आई आहे, सांगेलच.

आज थोरली सकाळीच मैत्रिणीकडे गेली, मोटर न लावता. मला साडेसात वाजता कळलं. बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. दाबलं नाही. साडेनऊला गच्चीची टाकी रिकामी. हे कामावर निघायच्या घाईत, अंगाला साबण, नळ कोरडा. यांनी हाक मारली ती मला. मी बाहेरूनच म्हटलं, "मोटर थोरलीकडे आहे." सासूबाईंनी चरवीभर पाणी दिलं, तेवढ्यात निभावलं. हे चिडलेच, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात पाळी चुकली तर पगार कापतात. संध्याकाळी बाप-लेक गच्चीवर बराच वेळ बोलत बसले होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

सासूबाईंना हे आवडलं नाही. "पोरगी आहे लहान, एवढं कशाला तिच्या डोक्यावर?" त्यांचं चुकीचं नव्हतं. तेराव्या वर्षी किती ओझं द्यायचं, याचं माप कुठल्या पट्टीवर नाही. मी एवढंच ठरवलं की ज्यानं कुणाच्या जिवाला धोका आहे ते पोरांकडे द्यायचं नाही, आणि ज्यानं फक्त गैरसोय होते ते दिलं की परत घ्यायचं नाही.

२ जून

वाटणीत एक गोष्ट राहिली होती. ठरवायचा अधिकार. थोरलीनं वही दाखवली : आमचा वापर दिवसाला साधारण साडेपाचशे ते सहाशे लिटर. शहरासाठी माणशी १३५ लिटरचं मानक धरलं तर पाच माणसांना ६७५ येतं, त्याच्या खालीच आहोत. पण दर रविवारी आकडा उडी मारतो, कारण मी त्या दिवशी वॉशिंग मशीन लावते. तिचं म्हणणं, मशीन पाणी येईल त्या सकाळी लावायचं, आणि मशीनचं शेवटचं खळबळलेलं पाणी संडासाला. मला ते अडचणीचं होतं, रविवार माझा कपड्यांचा वार. तरी मान्य केलं. पाणी तिच्याकडे दिलंय तर तिचा निर्णय मला लागू व्हायला पाहिजे, नाहीतर ती फक्त माझी मदतनीस.

दोघांना मिळून महिन्याला दोनशे रुपये दिलेत, पाण्याच्या किरकोळ कामाला. धाकट्यानं त्यातून मोरीतल्या तोटीचा वॉशर आणला, चुकीच्या मापाचा, आणि दुसऱ्या दिवशी जुना वॉशर खिशात घेऊन जाऊन बदलून आणला.

१६ जून

शाळा सुरू. कूलरच्या तळात आणि मागच्या पिंपात डासांच्या अळ्या सापडल्या, वाकड्या वळणाऱ्या, हात लावला की खाली जाणाऱ्या. पाच दिवस पाणी साठवणाऱ्या आपल्या शहरात डेंग्यूचं मूळ हेच. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवायची. पण नुसतं ओतून चालत नाही. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटतात, कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, आणि परत पाणी भरलं की फुटतात. त्यामुळे काथ्यानं घासणं महत्त्वाचं. रविवार सकाळ धाकट्याकडे. पिंप आडवं करून अर्धा आत शिरून घासतो. झाकणाच्या कडेला फट होती, तिथे सायकलची जुनी ट्यूब कापून बसवली, ही त्याची कल्पना. हौदाच्या हवेच्या पाइपला मच्छरदाणीचा तुकडा बांधला.

२३ जून

पुढच्या गच्चीचं पावसाचं पाणी घ्यायचं ठरलं. हिशोब सोपा : १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. आमची ती गच्ची ५० चौरस मीटर, १० मिलिमीटर झाला तर ५०० लिटर, वाया जाणारं वजा करून ४०० धरायचं. जुनं पाचशे लिटरचं पिंप, चार इंची पाइप आणि खडी-वाळूची गाळणी, सगळं २,९०० रुपये.

पहिल्या पावसात पूर्ण फसलं. उन्हाळाभराची धूळ आणि कबुतरांची घाण गाळणीत गेली, वाळूवर चिखलाची पोळी धरली, पाणी वरून वाहून अंगणात. पिंपात जे गेलं त्याला दोन दिवसांत वास सुटला. सगळं ओतून गाळणी उपसून धुवावी लागली. मग पाइप खाली जमिनीपर्यंत नेऊन शेवटी स्क्रूचं झाकण लावलं आणि पिंपाकडचा फाटा वर काढला. पहिलं घाण पाणी खालच्या उभ्या भागात साठतं, तो भरला की स्वच्छ पाणी फाट्यानं जातं. पाऊस थांबल्यावर झाकण उघडून सोडून द्यायचं, हेही धाकट्याकडे. हे पाणी पिण्याच्या हौदाशी जोडलेलं नाही, जोडूही नये. भांडी, फरशी, झाडं.

जुलैचा दुसरा आठवडा

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी शहरात. दर वर्षी आम्ही दर्शनाला जातो. यंदा धाकट्यानं विचारलं, "आपल्या हौदातलं पाणी वारकऱ्यांना द्यायचं का?" उजनीचं पाणी अजून उण्यातच होतं. थोरलीनं वही उघडून बघितली, म्हणाली दोन माठ निघतात, पण मग या पाळीत गाडी धुवायची नाही. हे हो म्हणाले. सासूबाईंनी पाणी गाळून, वाळा घालून माठ भरले. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी तळं कसं खोदलं, लोक कसे श्रमाला आले, हे आपल्या शहरात पोरांना पाळण्यापासून ऐकवतात. दोन माठ त्यापुढे काहीच नाहीत. पण किती देता येईल हे पोरांनी मोजून ठरवलं, याचं मला फार समाधान वाटलं.

१८ ऑगस्ट

उजनी शंभर टक्के भरली. नळाची पाळी मात्र आहे तीच. घरात सगळ्यांचा हात सैल झालाय, वहीत आकडा सातशेवर गेला. थोरलीनं जेवताना तेवढं वाचून दाखवलं. दोन दिवसांनी सहाशेवर आला. गल्लीतल्या दोन घरांनी पट्टी-टेपची परीक्षा करून बघितली. एका हौदाला गळती निघाली, तिथे मोजायला ही दोघंच गेली होती.

१ सप्टेंबर

एकूण खर्च : कोटिंग ३,८००, मजुरी ३,२००, सिमेंट, वाळू आणि ग्राउट ७५०, पाइप आणि नळसामान १,६५०, टँकर ४५०, जार १८०, फ्लश २२०, पावसाचं पाणी २,९००. बेरीज १३,१५० रुपये. प्लंबरची मजुरी यात नाही. यांच्या ओळखीचा होता, पैसे घेतले नाहीत, त्याच्या घरी यांनी कारखान्यातले टॉवेल दिले.

राहिलेलं काम : कण्हेरीच्या मुळाचा बंदोबस्त. झाड तोडायला सासूबाई तयार नाहीत, रोज देवाला फुलं तिचीच. मूळ आणि हौद यांच्या मध्ये दोन फूट चर खणून जाड पत्रा उभा करायचा विचार आहे. सप्टेंबरात आपल्याकडे जोराचा पाऊस होतो, म्हणून गाळणीची वाळू त्याआधी धुवायची. कोटिंग पुढच्या एप्रिलमध्ये, पाळीच्या शेवटच्या दिवशी हौद रिकामा करून तपासायचं. तारीख थोरलीनं वहीत लिहिलीय, मिस्त्रीशी बोलणीही तीच करणार आहे.